ज्येष्ठमधाची काडी

शिल्पाने भिकुबाईंच्या मनगटाखाली दोन बोटं घातली आणि मनगट किंचित वर उचललं. हातातली बांबूची पट्टी सैल झाली. मोटरच्या खाचेत तांब्याच्या तारांचा झुबका अडून बसला होता, तो आता एकेक तार करून खाली सरकायला लागला. शिल्पाने बोटं काढून घेतली, पण हात तिथेच खाचेजवळ, हवेत धरून ठेवला. त्या हाताकडे बघत बघत भिकुबाईंनी उरलेल्या तारा बसवल्या, वरून कागदाची घडी मिटवली आणि पाचर सारली.

"बठनी एकदाची," त्या म्हणाल्या. मग वर बघून, "आज बी घसा का व माय?"

शिल्पा नुसती हसली. मान हो म्हणून हलली नाही, नाही म्हणूनही हलली नाही.

भिकुबाईंनी कमरेची पिशवी सोडली, तिच्यातून ज्येष्ठमधाची काडी काढली, पदराला पुसली आणि शिल्पाच्या तळहातावर ठेवली.

"धरी ठेवा गालमा. आनि पोरीसवन, गलबला कमी करा. मॅडमना घसा बठेल शे."

शेजारच्या टेबलावरच्या माहेनूरने ओठांवर बोट ठेवून बाकीच्यांना दटावलं, आणि त्या दटावण्यालाच सगळ्या हसल्या. शिल्पाने काडी गालात धरली. गोडसर रस उतरायला लागला. बारा वाजेपर्यंत अन्न घ्यायला तिला मोकळीक होती, बोलायला नव्हती.

पहूरच्या बसस्टँडमागे पत्र्याच्या लांब शेडमध्ये हे प्रशिक्षण केंद्र भरायचं. केळीच्या आणि कपाशीच्या शेतांतल्या विहिरींवरून जळालेल्या मोटरी इथे यायच्या. त्या उघडायच्या, जळकी तार काढायची, नवी गुंडाळी करून खाचांत बसवायची. याला पंचक्रोशीत ‘मोटर भरणं’ म्हणतात. शिल्पा ते शिकवायची. सकाळची तुकडी बायामुलींची, दुपारची मुलांची आणि बाप्यांची. भिकुबाई सकाळच्या तुकडीत वयाने सगळ्यांत थोर. साक्रीकडच्या गावातून लग्न होऊन इकडे आल्या त्याला जन्म लोटला, तरी बोली माहेरचीच. त्यांचे यजमान मगनभाऊ मोटरी भरायचे; आता त्यांचे हात कापतात म्हणून दुकान चालवायला त्या स्वतः शिकत होत्या. "त्यास्ना हात थरथरस, आनि मनं तोंड," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

घशाचं म्हणाल तर शिल्पाचा घसा ठणठणीत होता. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, दर अष्टमीला, पौर्णिमेला आणि अमावास्येला ती उपोसथ धरायची. पहाटे आठ शीलं घ्यायची, बाराच्या आत एकदा जेवायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. बुद्धविहारातल्या पुष्कळ बाया हे करतात. पण बारापर्यंत तोंडातून शब्दच काढायचा नाही, ही भर तिच्या आईची, झुंबरबाईंची. ‘बोललंच नाही तं खोटं निघीन कुठून?’ असं त्यांचं साधं गणित. आणि नेम धरला तर गावभर सांगायचा नाही, हेही त्यांचंच. ‘शील म्हंजे काही नवं लुगडं नाही मिरवाले.’

म्हणून शिल्पाने कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती सकाळचं काम फळ्यावर लिहायची आणि टेबलांमधून हिंडत राहायची. घसा बसल्याचं बायांनी आपापसांत ठरवून घेतलं होतं.

बारा वाजले. शिल्पाने काडी गालातून काढली आणि फळ्याशी जाऊन वळली.

"माहेनूर, तुझी गुंडाळी उद्या परत उकल. सैल झालीय."

"मॅडमचा आवाज आला!" माहेनूर ओरडली. "पहिला शब्द आणि तोही माझ्यावरच!"

*

त्या साली शिल्पा दर शनिवारी जळगावला जात होती. धंदेशिक्षण देणाऱ्यांसाठी संशोधन आणि मूल्यमापन पद्धतींचा वर्ग होता. आपण शिकवतो ते पोचतं की नाही, हे अंदाजाने न म्हणता तपासून कसं पाहायचं, ते शिकायचं. निलोफर मॅडम शिकवायच्या. जळगावातल्या सायकलवाल्या असलम मिस्त्रींची ही मुलगी. आकडेमोड शिकून मोठी झाली, पण बोलणं दुकानातलंच राहिलं होतं.

"फरक पडला म्हणून नाचू नका," पहिल्या तासाला त्यांनी सांगितलं होतं. "फरक कशाने पडला ते सांगा. आणि ते सांगायच्या आधी, दुसऱ्या कशाने पडला असेल का, ते धुंडून बघा. नवीन टायर टाकलं म्हणून सायकल पळते म्हणता, आणि तिकडे रस्ता उताराचा असतो."

शिल्पाच्या मनात जो प्रश्न रुतून बसला होता तो हाच होता. तिची मुलंमुली लेखी परीक्षेत पास व्हायची आणि मोटर भरली की ती जळायची. तार खाचेत सारताना जोर लागतो, तारेवरचं लाखेसारखं पातळ वेष्टण खरचटतं, आणि वीज तारेतून लोखंडात उतरते. बाहेरून काही दिसत नाही. दिव्याने तपासलं की कळतं. दिव्याचं एक टोक तारेला, एक मोटरच्या अंगाला. दिवा लागला की काम फुकट. या परीक्षेत अंधार राहिला तर पास.

शिल्पाने उपाय शोधला. मोटर भरण्याची एकेक पायरी दाखवणारी मोठी रंगीत चित्रं तिने स्वतः काढली. कागद कसा घालायचा, पट्टी कशी धरायची, हात कुठे सैल सोडायचा. सकाळच्या तुकडीला चित्रं लावून शिकवायचं, दुपारच्या तुकडीला चित्रं काढून ठेवून, पहिल्यासारखं तोंडी. पावसाळा संपता संपता दोन्ही तुकड्यांनी भरलेल्या मोटरी शेजारी शेजारी मांडल्या. साक्रीच्या केंद्रावर शिकवणारे तनवीर सर तपासायला आले. कुठली मोटर कुणाची ते त्यांना सांगितलं नव्हतं. एकेका मोटरीला ते दिवा लावत गेले.

दुपारच्यांच्या निम्म्याअधिक मोटरींवर दिवा लागला. सकाळच्यांच्या मोटरींवर अंधार. भिकुबाईंच्या मोटरीला तर तनवीर सरांनी दोनदा दिवा लावून पाहिला आणि दिवाच बिघडला की काय म्हणून स्वतःच्या हाताने टोकं जोडून बघितली.

शनिवारी निलोफर मॅडमनी तिचे तक्ते टेबलावर पसरले.

"दुपारचे जेवून येतात. सुस्ती असेल."

"एक आठवडा वेळा बदलून पाहिल्या, मॅडम. तरी तेच."

"वीज जात असेल दुपारची."

"त्या दिवसांचं काम धरलंच नाही."

"मुली मुळात हुशार असतील."

"सुरुवातीला दोघांची एकच चाचणी घेतली होती. सारखेच कच्चे होते."

निलोफर मॅडमनी चष्मा काढला. "शिल्पाताई, तुम्ही तर माझंच दुकान चालवायला घेतलं. धुळ्याला धंदेशिक्षण देणाऱ्यांचा मेळावा आहे, जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांतले लोक येणार. तिथे हे मांडायचं. तुमच्या संस्थेलाही मी कळवते."

केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे सचिव रुपचंदभाऊ सोमवारी स्वतः केंद्रावर आले. चित्रांसमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"छान. आपल्या बठ्ठ्या केंद्रांत लावू. छापून घेऊ. खाली तुमचं नाव टाकू." जाता जाता दारात थांबून ते म्हणाले, "आणि धुळ्याचं पार पडलं की तुमच्या कायम होण्याचा विषय मी बैठकीत घेतो. किती वर्षं तात्पुरतं राहायचं माणसाने?"

शिल्पा केंद्रात लागली त्या दिवसापासून तात्पुरतीच होती. त्या दिवशी घरी जाताना तिने आईसाठी वांगी घेतली, भरताची, हिरवट पांढरी. उगीच. घरात वांगी होती.

*

चित्रं छापायला द्यायची म्हणून शिल्पा ती भिंतीवरून उतरवत होती. सकाळचं काम आटोपलं होतं. भिकुबाई स्टूल धरून उभ्या होत्या आणि माहेनूर खाली उतरलेली चित्रं गुंडाळत होती.

आकड्यांच्या जोडीला शिकणाऱ्यांशी बोलून घ्या, असं निलोफर मॅडमनी बजावलं होतं. आकडा किती ते सांगतो, का ते माणूस सांगतो. शिल्पाने स्टुलावरूनच विचारलं,

"भिकुताई, यातलं कोणतं चित्र तुम्हाला जास्त कामाला आलं? खरं सांगा हं."

भिकुबाईंनी माहेनूरकडे पाहिलं. माहेनूरने गुंडाळीत डोळे घातले.

"बठ्ठाच कामना व्हतात," भिकुबाई म्हणाल्या. "रंग बी झकास शेतस."

"एखादं सांगा ना."

"काय सांगू माय? माले तठून दिसतसच नही. चष्मा जवळना शे."

शिल्पा खाली उतरली. "माहेनूर, तुला तर दिसतं."

"दिसतं मॅडम. पहिल्या पहिल्यांदा बघितली." माहेनूर अडखळली. "पण काम करताना वर कोण बघणार? वर बघितलं की तार घासते."

"मग तुम्ही शिकलात कशावर?"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. लबाडी पकडली गेल्यासारख्या.

"वाईट वाटून घेऊ नका," माहेनूर म्हणाली. "तुमचा घसा बसायचा ना, त्या दिवशी आम्हाला जास्त जमायचं. मी घरी अम्मीला पण सांगितलं, आमच्या मॅडम आजारी पडल्या की माझं काम चांगलं होतं."

"तुम्ही बोलतस तवय मी तुमना तोंडकडे देखस," भिकुबाईंनी समजावलं. "तुम्ही ‘हळू, हळू’ म्हनतस, मी वर देखस, आनि हात तठे जोर करी टाकस. तुम्ही चूप ऱ्हातस तवय मी तुमना हातकडे देखस. हात सांगस कितलं दाबानं."

"आणि तुम्हाला विचारता येत नाही, म्हणून आम्ही एकमेकींना विचारतो," माहेनूर म्हणाली. "नाहीतर या भिकुमावशी मला कधी काही सांगतील?"

"तुले सांगीसन उपेग काय? तुना कान मोबाइलमा."

माहेनूर चित्रं घेऊन कपाटाकडे गेली. शिल्पा स्टुलावर टेकली. तिने सुस्ती पाहिली होती, वीज पाहिली होती, वय, हुशारी, वेळ, सगळं काढून काढून पाहिलं होतं. वेळा बदलल्या तो आठवडाही तिला आठवला. त्या आठवड्यातला उपोसथ नेमका सुट्टीच्या रविवारी आला होता. पण तोवर बायांना हाताकडे बघायची सवय लागून गेली होती. दुपारच्या तुकडीने तिला गप्प असलेलं कधी पाहिलंच नव्हतं. बारा वाजले की तिचं तोंड सुटायचं, आणि सकाळचं राहिलेलंही ती दुपारच्यांना ऐकवायची.

सगळं धुंडलं होतं, स्वतःला सोडून.

भिकुबाईंनी कपाटाकडे एकदा नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, एक इचारू? घसा अष्टमी-पूनमलेच कसा बठस?"

शिल्पाने मान वर केली.

"आमना गल्लीमा तुमनी विहारनी एक बाई ऱ्हास. ती बी त्याच दिन दुपारनंतर काही खात नही." भिकुबाईंनी पिशवीची नाडी आवळली. "पोरीसनी काही इचारू नये म्हनीसन मी जेठमध देऊ. नेम ऱ्हास एखादाना. कसाले डवचानं?"

शिल्पाने भिकुबाईंचा हात धरला. त्यांच्या बोटांवर वार्निशचे पिवळे डाग वाळले होते.

*

संध्याकाळी झुंबरबाई अंगणात बसून लसूण सोलत होत्या. शिल्पाने विहारात जायचं पांढरं पातळ दोरीवरून काढलं आणि घडी घालता घालता तशीच उभी राहिली.

"काऊन व, चेहरा काऊन पडला?"

"आई, तू म्हणतेस ना, बोललंच नाही तर खोटं कुठून निघणार?"

"हो. मंग?"

"निघालं."

तिने सगळं सांगितलं. आईला संशोधन वगैरे ठाऊक नव्हतं, पण चित्रं ठाऊक होती; रंगाच्या बाटल्या तिच्याच चुलीशेजारी सांडल्या होत्या. सगळ्या गावांत लागणार होती ती चित्रं. खाली नाव. शिल्पा कायम होणार, ही बातमी झुंबरबाईंनी विहारात तिघींना तरी सांगूनही टाकली होती.

"म्हंजे चित्रायनं काहीच झालं नाही?"

"झालंही असेल थोडं. मला सांगता येत नाही. चित्रांनी किती आणि माझ्या गप्प बसण्याने किती, ते वेगळंच होत नाही आता. आणि सांगायचं तर नेम सांगावा लागतो."

झुंबरबाईंनी लसणाची पाकळी नखाने चिरली. सालपट वाऱ्यावर उडालं.

"नाही सांगतलं तं काय होईन?"

"काही नाही. चित्रं लागतील. लोक बघतील. मोटरी जळत राहतील."

"आन् सांगतलं तं?"

"मग अजून एक वर्ष तात्पुरती."

झुंबरबाई सुपातल्या पाकळ्या सारख्या करत म्हणाल्या, "मी मौन काऊन धरलं, माहीत हाये तुले? तुही आजी मले म्हने, झुंबर, तुह्या जिभीले हाड नाही. मी सासूवर डाव उलटवाले धरलं. चिडी ते, मी बोलतच नसो तं." आणि तोंडाला पदर लावून त्या हसायला लागल्या. "त्याचं शील तं मंग झालं, व बाई!"

शिल्पाही हसली. हसता हसता डोळे भरून आले, आणि ते तिने पांढऱ्या पातळालाच पुसले.

*

शनिवारी वर्ग सुटला. सगळे गेल्यावर ती निलोफर मॅडमच्या टेबलाजवळ उभी राहिली. धुळ्यासाठी केलेले तक्ते मॅडम पुठ्ठ्याच्या नळीत भरत होत्या.

"ते भरू नका, मॅडम."

"का? शाई ओली आहे?"

"फरक चित्रांनी पडला असं मला म्हणता येत नाही. दुसरं कारण निघालं."

"कोणतं?"

"मी."

निलोफर मॅडमनी नळी बाजूला ठेवली आणि खुर्ची पुढे सारली. शिल्पाने सांगायला सुरुवात केली. सकाळच्या तुकडीत काही दिवस आपण बोलत नव्हतो, दुपारच्या तुकडीत रोज बोलत होतो, एवढं सरळ सांगून झालं. मॅडम विचारणारच होत्या ते त्यांनी विचारलं.

"काही दिवस म्हणजे? घसा खराब होता?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. सकाळची सगळी तुकडी हेच म्हणत होती.

"नाही," शिल्पा म्हणाली. मग थांबली. "नेम आहे. उपोसथाचा. बारापर्यंत मौन. मी कुणाला सांगत नाही."

निलोफर मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. खाली रस्त्यावर केळ्यांचा ट्रक मागे मागे येत होता आणि कुणीतरी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत होतं.

"रमजानात मी पेपर तपासत नाही," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं, इबादतीत असते. तसं नाही. एका वर्षी इफ्तारच्या आधी तपासलेले आणि नंतर तपासलेले पेपर मी वेगळे करून पाहिले होते. आधीचे बिचारे सगळे नापास."

शिल्पाला हसू आलं.

"हसा. मी पण कुणाला सांगितलेलं नाही हे." मॅडमनी तक्ते नळीतून परत बाहेर काढले. "धुळ्याला आता हे जाणार नाही. रुपचंदभाऊंना मी सांगेन, काम अपुरं आहे म्हणून. खोटं नाही ते. तुमचं कायम होणं लांबेल, शिल्पाताई. त्याला माझा इलाज नाही."

"मला ते ठाऊक आहे."

"वाईट वाटतं?"

"काल वाटलं होतं." शिल्पाने विचार केला. "आज मोकळं वाटतं. भूक लागल्यासारखं."

"मग चहा घेऊ. आज नाही ना तुमचं ते?"

"आज नाही."

चहा आला. निलोफर मॅडम बशीत ओतून प्यायच्या, वडिलांसारख्या. "आमचे अब्बा," त्या म्हणाल्या, "वाकड्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करायला बसले की दुकानातली पोरं चिडीचूप होऊन त्यांच्या बोटांकडे बघायची. मी समजायची, केवढी शिस्त! मोठेपणी कळलं, त्यांच्या तोंडात तंबाखू असायची. बोलणार कसे? पण पोरं शिकली हो. आज अर्ध्या जळगावच्या सायकली तीच पोरं बघतात." त्यांनी बशी खाली ठेवली. "पुढच्या सत्रात नव्याने करा. चित्रं दोन्हीकडे लावा. एका तुकडीत बोला, एकीत नका बोलू. कारण लिहायची गरज नाही. निदेशक ठरावीक दिवशी बोलत नव्हती, एवढं लिहिलं तरी पुरे. नेम तुमचा तुमच्याजवळ."

"पण मॅडम, दुपारच्या तुकडीत गप्प राहायचं म्हणजे... बाराच्या पुढचं मौन माझ्या नेमात नाही. प्रयोगासाठी नेम ताणला तर तो नेम राहील का?"

"मग नेमाच्या दिवशी करू नका. साध्या दिवशी करा. ते कामाचं मौन समजा."

परतीच्या बसमध्ये शिल्पाने पुठ्ठ्याची रिकामी नळी मांडीवर धरली होती. मॅडमनी ती तिलाच देऊन टाकली होती, चित्रं ठेवायला. नेरीच्या पुढे शेतातल्या एका विहिरीवर मोटर चालू होती. पाण्याचा जाड पांढरा फवारा हौदात पडत होता. कुणी भरली असेल ही, असं तिच्या मनात आलं, आणि बस वळेपर्यंत ती तिकडे बघत राहिली.

*

पुढचं सत्र सुरू व्हायला अवकाश होता. चालू सत्रातल्या दुपारच्या तुकडीची दुसरी मोटर अजून भरायची होती. त्या दिवशी ना अष्टमी होती ना पौर्णिमा. शिल्पा घरून दोन भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन आली होती, सकाळभर सकाळच्या तुकडीशी भरपूर बोललीही होती. माहेनूर तर म्हणाली होती की आज मॅडम बऱ्या आहेत, आज माझं काम बिघडणार.

दुपारी फळ्यावर काम लिहून तिने खडू ठेवला आणि टेबलांमधून हिंडायला लागली.

शेहजाद दाराजवळच्या टेबलावर होता. मागच्या वेळी त्याच्याच मोटरीवर दिवा सगळ्यांत लख्ख लागला होता आणि त्यावरून मुलं त्याला ‘दिवाळी’ म्हणून चिडवत. तारांचा झुबका खाचेत अडला. त्याने पट्टीवर जोर दिला.

"मॅडम, जाईना."

शिल्पाच्या ओठांवर ‘हळू’ आलं होतं. अर्धं तर जिभेवर होतं. तिने ते गिळलं, त्याच्या मनगटाखाली दोन बोटं घातली आणि मनगट किंचित वर उचललं.

शेहजादने तिच्या तोंडाकडे पाहिलं. वाट पाहिली. शब्द येत नाही असं बघून तो गोंधळला, शेजारच्याकडे वळला, "तुझी कशी गेली रे?" शेजारचा आपलं काम टाकून झुकला. दोघांची डोकी खाचेवर जवळ आली. शिल्पाचा हात तिथेच हवेत होता. आता शेहजाद त्या हाताकडे बघायला लागला. पट्टी सैल झाली. एक तार गेली. मग दुसरी.

पाचर बसल्यावर त्याने कपाळ पुसलं, आणि एकदम आठवल्यासारखं, काळजीने विचारलं,

"मॅडम, घसा बसलाय का?"

"नाही," शिल्पा म्हणाली, आणि पुन्हा गप्प झाली.